अश्वारोहणाचा एक हंगाम

मुंबईच्या उत्तरेकडील उपनगरांत राहणारी आपण माणसे एका जुन्या घोडवाटेच्या काठीच वस्ती करून राहिलो आहो, हे आपल्यांतील किती जणांस ठाऊक असेल बरे? आज ज्यास आपण स्वामी विवेकानंद मार्ग म्हणतो, आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत ज्यावर सकाळ-संध्याकाळ मोटारी व रिक्षा यांची एकच दाटी झालेली असते, त्याचेच जुने नाव घोडबंदर रस्ता. वसईच्या खाडीकाठच्या ज्या बंदरात पोर्तुगीज अमदानीत अरबी घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून घोडबंदर हे नाव पडले, अशी त्या नावाची उपपत्ती सांगतात. पुढे 1874 साली मुंबई शहरात ट्राम सुरू झाली, तीही घोड्यांनी ओढलेली. 1905 पर्यंत ती तशीच चालू होती. तिच्यामागून व्हिक्टोरिया गाड्या तेवढ्या उरल्या. त्याही 2015 साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या. येणेप्रमाणे ज्या प्राण्याने हे नगर एके काळी आपल्या पाठीवर व खांद्यावर वाहिले, तो आज आपल्या मुलांस एखाद्या वरातीत, झूल पांघरून व बँडच्या आवाजाने भेदरून उभा राहिलेला, तेवढाच काय तो दृष्टीस पडतो.

म्हणूनच आम्ही पहाटे घोड्यावर बसावयास जातो असे कळताच शेजारीपाजारी मंडळी दोनच प्रश्न विचारितात. पहिला, "कोणत्या शर्यतीत धावता?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "पैसे किती लाविता?" या दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आले म्हणजे त्यांची जिज्ञासा तेथेच संपते. आमच्या शाळेच्या वार्षिकाच्या वाचकांची जिज्ञासा इतक्या लवकर संपणारी नसावी, अशा भरवशावर आम्ही आमच्या गेल्या हंगामाची हकीकत येथे सांगत आहो.

आम्ही ज्या क्रीडेचा अभ्यास करितो तिला इंग्रजीतील 'इव्हेंटिंग' हेच नाव सर्वत्र रूढ आहे. एकाच घोड्याने व एकाच स्वाराने तीन निरनिराळ्या परीक्षा द्यावयाच्या, हे तिचे स्वरूप. पहिली परीक्षा 'ड्रेसाज' नावाची. साठ मीटर लांब व वीस मीटर रुंद अशा आखलेल्या चौकात घोड्याने कदम, दुडकी व दौड या चाली नेमलेल्या जागी, नेमलेल्या वळणाने व शांत चित्ताने करून दाखवावयाच्या असतात. प्रत्येक हालचालीस दहापैकी गुण मिळतात. शेकडा जितके गुण हातचे गेले तितका दंड नावे पडतो. दुसरी परीक्षा 'क्रॉस कंट्री'ची. मोकळ्या रानातून भरधाव जाताना ओंडके, चर, पाण्याची डबकी, उतारावरील कुंपणे ओलांडावयाची. हे अडथळे भक्कम असतात. पाय लागला म्हणून पडत नाहीत. घोडा एखाद्या अडथळ्यापुढे थांबला तर वीस दंड, त्याच अडथळ्यापुढे पुन्हा थांबला तर चाळीस. स्वार खाली पडला तर परीक्षा तेथेच समाप्त. ठरलेल्या वेळेवर जितके सेकंद जास्त लागतील, त्या प्रत्येकास चार दशांश दंड. तिसरी परीक्षा मैदानातील उड्यांची. येथील दांडे मात्र नुसते टेकवून ठेविलेले असतात. एक दांडा पडला की चार दंड. तिन्ही मिळून ज्याचा दंड सर्वांत कमी, तो विजयी.

या खेळाचा उगम लष्करात आहे. सेनापतीचा निरोप घेऊन जाणारा घोडा संचलनात शिस्तीचा, रानात धाडसी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामास उभा राहील असा असावा लागे. त्याचीच ही कसोटी. ऑलिम्पिक सामन्यांत ती प्रथम 1912 साली स्टॉकहोम येथे आली. प्रारंभी ती केवळ लष्करी अधिकाऱ्यांचीच होती. 1964 साली टोकियो येथे अमेरिकेच्या लाना ड्यू पाँट या त्या परीक्षेस उतरणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या, आणि त्यांच्या संघास रौप्यपदक मिळाले. आज या खेळात स्त्रिया व पुरुष एकाच यादीत, एकाच अडथळ्यांवर उतरतात. कोणासही सवलत नाही. आपल्या देशापुरते सांगावयाचे तर 1982 साली दिल्लीच्या आशियाई सामन्यांत रघुबीर सिंग यांनी 'शहजादा' या घोड्यावर सुवर्णपदक मिळविले व संघासही सुवर्ण मिळाले. मुंबईचे इम्तियाज अनीस हे 2000 साली सिडनीच्या ऑलिम्पिकमध्ये उतरले. त्यानंतर बेंगळुरूचे फवाद मिर्झा यांनी 2018 साली जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत वैयक्तिक रौप्यपदक मिळविले आणि 2021 साली टोकियो येथे ते तेविसावे आले. विशेष हे की दोन्ही वेळा त्यांच्याखाली घोडा एकच होता. त्याचे नाव 'सेन्योर मेडिकॉट'. स्वाराच्या नावाबरोबर घोड्याचेही नाव निकालपत्रकात छापिले जाते, ही या खेळाची रीत आम्हांस फार न्यायाची वाटते.

आमचे स्वतःचे स्थान या थोर मंडळींपासून फार दूर आहे. आम्ही हौशी, म्हणजे कार्यालयातील हजेरीपूर्वी जेवढा काळ उरतो तेवढाच आमच्या विद्येचा. महालक्ष्मीचे शर्यतीचे मैदान 1883 सालचे. त्याच परिसरात हौशी स्वारांचा 'अमॅच्युअर रायडर्स क्लब' 1942 पासून आहे. उपनगरातल्या माणसास घोडा पाहिजे तर त्याने त्याच दिशेची वाट धरावी हे ओघानेच आले. अंधेरीहून पहाटे सुटणाऱ्या धिम्या लोकलने जावयाचे. जलद गाडी महालक्ष्मीस थांबत नाही. त्या वेळी डब्यात कोळणींच्या रिकाम्या पाट्या, फुलांचे भारे आणि पेंगणारे कामगार असतात. गुडघ्यापर्यंत बूट चढविलेल्या माणसाकडे प्रथम दोन दिवस सर्वजण पाहतात. तिसऱ्या दिवसापासून कोणी पाहत नाही, जागा मात्र सरकून देतात.

ज्या घोडीवर आमचा हंगाम अवलंबून होता ती आमच्या मालकीची नव्हे. तिच्या मालकांच्या अनुमतीने आम्ही तिच्यावर अभ्यास करीत असू. कुमैत रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. त्यावरून पागेत तिला चांदणी म्हणत. पूर्वी ती शर्यतीत धावत असे. शर्यतीच्या घोड्यास एकच गोष्ट शिकविलेली असते: दार उघडले की धावावे, आणि लगाम ताणला गेला की त्यावर भार टाकून आणखी धावावे. आमच्या क्रीडेत नेमके याच्या उलट शिकावे लागते. लगामाचा स्पर्श म्हणजे 'ऐक' अशी हळूच मारलेली हाक; ती ऐकून घोड्याने आपला भार मागील पायांवर घ्यावयाचा व पुढून हलके व्हावयाचे. साडेचारशे ते पाचशे किलो वजनाच्या प्राण्यास बळाने काही करावयास लावणे मनुष्यास शक्यच नाही. जे होते ते त्याच्या संमतीनेच होते. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर एक ग्रंथ लिहिला. त्यातही रागाच्या भरात घोड्याजवळ कधी जाऊ नये, असे त्याने बजाविले आहे.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाने मैदान निसरडे होते. म्हणून त्या काळात उड्या जवळजवळ नाहीत. रोज कदम, दुडकी, मोठे वर्तुळ, लहान वर्तुळ, पुन्हा कदम. पाहणाऱ्यास हे कंटाळवाणे वाटेल. परंतु पावसाच्या त्या चार महिन्यांत चांदणीने जे शिकून घेतले, त्यावरच पुढील उड्या उभ्या राहिल्या. जून महिन्यात वर्तुळ करिताना ती ओल्या लाकडासारखी ताठ असे व डावीकडे वळताना खांदा बाहेर टाकी. ऑगस्टच्या अखेरीस एके सकाळी तिने आपण होऊन मान खाली सोडली, तोंडात कडियाळे चघळले व पाठ उचलून दिली. खोगिराखाली एकाएकी लाट यावी तसे आम्हांस वाटले. त्या दिवशी गाडीत उभ्याने परतलो, तरी पाय दुखल्याचे स्मरण नाही.

या विद्येत आमचे खरे गुरू दोन. एक आमचे शिक्षक, आणि दुसरे चांदणीचे मोतद्दार. हे सातारा जिल्ह्यातील वृद्ध गृहस्थ. पागेत लहानथोर सर्व त्यांस मामा म्हणतात. त्यांचा एक नियम होता. खोगीर घालण्यापूर्वी चांदणीच्या चारही पायांवरून, गुडघ्यापासून खुरापर्यंत, उघडा तळहात सावकाश फिरवावयाचा. "ताई, आधी पायाला विचारा, मग पाठीवर बसा," असे ते म्हणत. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू नाहीत. आहेत ती केवळ हाडे, स्नायुबंध व दोरासारखे कंडर. दौडीत व उडीवरून उतरताना सगळा भार त्या कंडरांवर येतो. त्यांतला एखादा धागा जरी दुखावला तरी प्रथम लंगडणे दिसत नाही. त्या जागी किंचित ऊब लागते, एवढेच. ती ऊब ओळखावयाची तर थंड पाय कसा लागतो हे हातास रोज शिकवावे लागते. महिनाभर आमच्या हातास काहीच कळत नसे. मामा हसून म्हणत, "कळंल. पीठ मळताना पहिल्या दिवशी तरी कुठं कळतं?"

ऑक्टोबरात उड्यांस आरंभ झाला, आणि तेथे एक कोडे उभे राहिले. पाच अडथळे चांदणी हसतखेळत ओलांडी. सहाव्याशी मात्र येऊन थबके. तो अडथळा उंच नव्हता, रुंदही नव्हता. त्याच्या पायथ्याशी, उडी कोठून घ्यावी हे घोड्यास कळावे म्हणून, नारिंगी रंगाची एक फळी हिरवळीवर आडवी टाकलेली होती. लागोपाठ तीन दिवस तोच प्रकार झाला. कोणी म्हणाले, घोडी हट्टी. कोणी म्हणाले, चाबूक दाखवा. आमच्या शिक्षकांनी चाबूक बाजूस ठेवविला, स्वतः अडथळ्याकडे जाऊन ते घोड्याच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून पाहत राहिले आणि त्यांनी ती फळी पांढरी रंगवून घेतली. चौथ्या दिवशी चांदणी तो अडथळा असा ओलांडून गेली, की जणू तो तेथे नव्हताच.

याचे कारण शास्त्रीय आहे. मनुष्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, घोड्याच्या डोळ्यांत दोनच प्रकारच्या. निळा व पिवळा त्यास वेगळे दिसतात. परंतु नारिंगी व हिरवा यांतील भेद त्यास नीट कळत नाही. आपणांस झळझळीत दिसणारी ती फळी चांदणीच्या दृष्टीने गवतात गवतासारखीच होती. इंग्लंडातील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच विषय अभ्यासून 2020 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर त्या देशातील शर्यतींच्या अडथळ्यांवरील नारिंगी रंग काढून तेथे पांढरा लावण्याचे ठरले. म्हणजे पिढ्यान् पिढ्या जे घोडे 'हट्टी' म्हणून मार खात आले, त्यांतील कित्येकांस अडथळा नीट दिसतच नसावा!

शास्त्रपाठाच्या तासास ज्यांनी लक्ष दिले असेल अशा विद्यार्थ्यांस येथे बलामाची गोष्ट आठवेल. बलाम आपल्या गाढवीवर बसून चालला असता ती वाटेत तीनदा अडली. त्याने तिला तीनदा मारिले. उपसलेली तरवार घेऊन वाटेत उभा असलेला देवदूत तिला दिसत होता, स्वारास दिसत नव्हता. शेवटी तिला वाचा फुटली आणि मग बलामाचे डोळे उघडले. लहानपणी ही कथा ऐकताना आम्हांस गाढवी बोलली याचेच नवल वाटे. आता वाटते, नवल त्यात नाही. ती बोलण्यापूर्वी तीनदा आपल्या परीने सांगून चुकली होती, आणि पाठीवरच्या शहाण्यास ते ऐकू आले नव्हते, हेच त्या कथेतील मर्म.

डिसेंबरात मुंबईत लहानसहान सामने झाले. एकदा चांदणी दुसरी आली, एकदा दोन दांडे पाडून मागे राहिली. परंतु आमचे सर्व लक्ष फेब्रुवारीतील तीन दिवसांच्या सामन्याकडे लागले होते. क्रॉस कंट्रीस मोकळे रान पाहिजे, ते मुंबईत कोठून मिळणार? म्हणून तो सामना घाटावरील एका लष्करी मैदानावर होता. त्यात तिन्ही परीक्षा पुऱ्या झाल्या, तरच पुढील हंगामात वरच्या वर्गात प्रवेश मिळणार होता. आम्ही वर्षभराची रजा राखून ठेविली होती, आणि घरच्या मंडळींनी सणावारी आमची वाट पाहण्याचे सोडून दिले होते. घोड्यांच्या मोटारीतून बोरघाट चढताना मामा चांदणीजवळच बसून राहिले. घोड्यास वांती होत नाही. प्रवासात पोटशूळ उठला तर तो जिवावर बेतू शकतो. म्हणून दर थांब्यास तिला पाणी दाखवावे, गवत भिजवून द्यावे, आणि पोटास कान लावून आतड्यांचा आवाज ऐकावा, असे करीत आम्ही सायंकाळी पोहोंचलो.

पहिल्या दिवशी ड्रेसाज झाले. शेजारच्या चौकातला घोडा खिंकाळला, तेव्हा चांदणीची मान एकवार ताठ झाली. पण लगामाची हाक ऐकून ती परतली. शेकडा साडेपासष्ट गुण, म्हणजे साडेचौतीस दंड. आमचा क्रमांक सातवा लागला.

दुसऱ्या दिवसाचे वर्णन कसे करावे? सकाळच्या थंडीत गवतावर दहिवर होते. उलटी गणती संपली आणि चांदणी सुटली. पहिले दोन अडथळे केव्हा मागे पडले ते समजलेच नाही. नंतर उतार, खाली चर, लगेच चढ. तेथे ती क्षणभर आपला कान मागे वळवून जणू विचारती झाली, आणि आम्ही दोन्ही पायांनी तिला 'होय' म्हटले. पाण्याच्या डबक्यात उडी घेताना अंगावर उडालेला शिंतोडा, कानांत भरलेला वारा, आणि खाली एकसारखी वाजणारी टापांची लय. या दहावीस क्षणांसाठीच मनुष्य वर्षभर पहाटे उठतो, असे वाटले. एकही अडथळा तिने नाकारिला नाही. वेळेत मात्र सहा सेकंदांचा उशीर झाला, त्याचे दोन पूर्णांक चार दशांश; एकंदर छत्तीस पूर्णांक नऊ दशांश. पुष्कळांस चराने दगा दिल्यामुळे संध्याकाळच्या यादीत चांदणीचे नाव तिसरे होते. त्या नावाकडे आम्ही कितीदा तरी पाहून आलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे, दिवस उजाडण्यापूर्वी, आम्ही तिच्या ठाणावर गेलो. मामा पुढच्या डाव्या पायाशी बसले होते. त्यांनी काही न बोलता बाजूस सरून जागा दिली. आम्ही तळहात फिरविला. उजवा पाय नदीतल्या गोट्यासारखा थंड. डाव्या पायावर, मागल्या बाजूस, दोन बोटांच्या रुंदीएवढी ऊब. सूज नाही, कळ नाही. बाहेर काढून दुडकी धरविली तर ती सरळ चालली. आम्ही मामांकडे पाहिले. ते म्हणाले, "हाताला लागली ना ताई? मग आहे."

सकाळी नऊ वाजता पशुवैद्यांसमोर सर्व घोडी दुडकीने चालवून दाखवावयाची होती. चांदणी लंगडत नव्हती. तेव्हा ती तेथे निभावून जाण्याचा संभव बराच होता. बर्फाच्या पाण्यात पाय ठेविला तर ती ऊबही तासाभरात कमी झाली असती. ही गोष्ट आम्हा दोघांवाचून कोणासही ठाऊक नव्हती. मैदानातील उड्या केवळ दहाबारा. अवघ्या दीड मिनिटाचे काम. अशा वेळी मन किती तऱ्हेची वकिली करिते, ते आम्ही त्या अर्ध्या तासात पाहिले. ते म्हणे, ही ऊब कालच्या श्रमाची असेल. ते म्हणे, ती स्वतः तयार आहे, कान पाहा कसे टवकारिले आहेत. आणि यांतच त्या वकिलीची लबाडी होती. घोडा हा मूळचा कळपातला, हिंस्र पशूंचे भक्ष्य झालेला प्राणी. दुःख लपविणे हेच त्याच्या जातीचे संरक्षण. विचारिले असते तर ती उडालीच असती. चर ओलांडताना तिने आमच्या शब्दावर विश्वास ठेविला होता. तो विश्वास आता तिच्याच पायाविरुद्ध खर्ची घालावयाचा की काय, एवढाच खरा प्रश्न होता.

साडेसातला आम्ही सामन्याच्या कचेरीत जाऊन घोडी मागे घेत असल्याचा अर्ज लिहून दिला. तेथील अधिकाऱ्याने तो वाचून एकच विचारिले, "लंगडते का?" आम्ही म्हटले, "अजून नाही." त्याने मान डोलविली आणि यादीतील तिसऱ्या नावावर रेघ ओढिली. त्या रेघेचा आवाज फार लहान होता.

दुपारी पारितोषिके वाटली जात असता आम्ही ठाणावरच होतो. तिसऱ्या क्रमांकाची फीत एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या घोड्यास लागली. ती आनंदाने रडत होती, व तिला पाहून आम्हांस वाईट वाटले नाही असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही.

मुंबईस परतल्यावर पशुवैद्यांनी ध्वनिलहरींच्या यंत्राने पाय तपासला. पडद्यावर कंडराच्या राखाडी पट्ट्यात एक बारीक काळा ठिपका दिसला. काही धागे तुटले होते. "उडी घेतली असती तर?" आम्ही विचारिले. ते म्हणाले, "कदाचित काहीच झाले नसते; कदाचित कंडर पुरताच गेला असता. आज हे कोणी सांगू शकणार नाही." कंडरास रक्ताचा पुरवठा थोडा, म्हणून तो सावकाश भरतो, आणि भरला तरी मूळचा लवचीकपणा पूर्णपणे परत येईलच असे नाही. पुष्कळ महिने विश्रांती, आणि हाताने धरून चालविणे, हाच उपाय. प्रथम दिवसास दहा मिनिटे. नंतर हळूहळू थोडी थोडी वाढवावयाची.

अशा रीतीने आमचा हंगाम घोड्याच्या पाठीवरून उतरून त्याच्या शेजारी पायी चालण्यात संपला. अजूनही आम्ही त्याच धिम्या गाडीने जातो. खोगीर खुंटीवर आहे. दोरी हातात धरून मैदानाच्या कडेने जावयाचे व यावयाचे, एवढेच काम. चांदणी पुढील हंगामात उडी घेईल की नाही, हे कोणासही सांगता येत नाही. वरच्या वर्गाचे दार आमच्यापुरते तूर्त बंदच आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकी पुष्कळांस घोड्यावर बसण्याचा योग येईल असे नाही. परंतु ज्याला बोलता येत नाही, किंवा बोलता येत असून बोलण्याची ज्याची प्राज्ञा नाही, असा कोणी ना कोणी प्रत्येकाच्या हाताखाली येतोच: घरातले कुत्रे, धाकटे भावंड, वर्गातला मागल्या बाकावरचा मुका मुलगा, उद्या तुमच्या हाताखाली काम करणारा गडी. तो अडला म्हणजे आधी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून पाहावे. आणि तो अडला नाही तरीही रोज एकदा हात फिरवून विचारावे. आणि पालकांस आमची एवढीच विनंती की, आपला मुलगा किंवा मुलगी एखाद्या स्पर्धेतून रिकाम्या हाताने परत आली, तर कितवा नंबर आला हे विचारण्यापूर्वी काय घडले ते विचारावे.

परवा तिला चालवीत असता आम्ही त्या पांढऱ्या फळीजवळून गेलो. चांदणीने कान टवकारले आणि तिचे पाऊल आपोआप लांबले. आम्ही दोरी सैल धरून तिला तशीच पुढे नेली. मामा मागून येत होते. ते म्हणाले, "आठवण आहे हो तिला." मग त्यांनी वाकून तिच्या डाव्या पायावरून हात फिरविला, आणि पाय थंड होता.